‘फ्लिप्ड क्लासरूम’ : धडा घरी, सराव वर्गात! परदेशी भाषा शिकताना हा उलटा वर्ग खरंच उपयोगी पडतो का?

जर्मन भाषेच्या बी१ पातळीच्या परीक्षेत बोलण्याची एक चाचणी असते. वेळ साधारण १५ मिनिटं. समोर परीक्षक आणि शेजारी आणखी एक उमेदवार. पहिलंच काम म्हणजे दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं. समजा, एक मित्र रुग्णालयात आहे. त्याला भेटायला कधी जायचं, कसं जायचं, सोबत काय न्यायचं? शेजारचा म्हणतो, ‘शनिवारी जाऊया.’ तुम्हाला शनिवारी जमणार नाहीये. ते नीट सांगायचं, कारण द्यायचं आणि दुसरा दिवस सुचवायचा. तेही लगेच.

वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेले विभक्तीचे तक्ते अशा वेळी चुकीचे नसतात. फक्त ते आठवायला वेळ नसतो. आणि ग्योथे इन्स्टिट्यूटच्या (आपल्याकडे हिची ओळख मॅक्समुल्लर भवन अशी) बी१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग आहेत. प्रत्येक भागात १०० पैकी ६० गुण मिळवावेच लागतात. लेखनात ९० मिळाले म्हणून संभाषणातले ४५ चालून जात नाहीत.

मग बोलण्याचा सराव करायचा कधी? ‘क्लासमध्ये’ असं उत्तर द्यायच्या आधी एक साधं गणित करून बघा. वर्गात २५ विद्यार्थी आहेत आणि तासिका दीड तासाची, म्हणजे ९० मिनिटांची आहे. शिक्षकांनी नवीन व्याकरण समजावून सांगण्यात, फळ्यावर लिहिण्यात आणि गृहपाठ तपासण्यात ५० मिनिटं घालवली. उरली ४०. ती एकेकाला उठवून बोलतं करण्यात घालवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला आली ९६ सेकंदं. उरलेला वेळ इतरांचं ऐकण्यात किंवा आपला नंबर कधी येतोय या धास्तीत जातो.

या ९६ सेकंदांवरचा एक उपाय म्हणून गेली काही वर्षं ‘फ्लिप्ड क्लासरूम’चं नाव घेतलं जातं. मराठीत याला ‘उलटा वर्ग’ म्हणता येईल.

उलटा वर्ग म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या पद्धतीत शिक्षक वर्गात शिकवतात आणि विद्यार्थी घरी सराव करतात. इथे क्रम उलटा. नवीन भाग विद्यार्थी आधी घरी बघून किंवा वाचून येतात. बहुतेक वेळा शिक्षकांनी केलेला छोटा व्हिडिओ असतो, पण पुस्तकातली दोन पानं किंवा एखादी ऑडिओ क्लिपही चालते. वर्गात मग व्याख्यान नसतं. तिथे सराव, चर्चा, जोडीने बोलणं आणि चुका दुरुस्त करणं.

वरचंच गणित पुन्हा मांडू. शिक्षकांच्या ५० मिनिटांपैकी ३५ मिनिटांचं समजावणं व्हिडिओत गेलं, तर वर्गात ७५ मिनिटं मोकळी होतात. त्यातली १५ शंकांना दिली तरी एक तास उरतो. त्या तासात विद्यार्थी जोडीजोडीने बोलले, तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात सुमारे ३० मिनिटं. कुठे दीड मिनिट आणि कुठे अर्धा तास! कागदावरचं गणित वर्गात तंतोतंत उतरत नाही हे खरं, पण फरक कुठे पडतो ते यातून कळतं.

कल्पना आली कुठून?

अमेरिकेत हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून विद्यार्थ्यांना आधी वाचून यायला सांगत आणि वर्गात प्रश्न टाकून त्यांना एकमेकांशी वाद घालायला लावत. २००० मध्ये लाज, प्लॅट आणि ट्रेग्लिया या तीन प्राध्यापकांनी अर्थशास्त्राचा वर्ग ‘उलटा’ करण्यावर निबंध लिहिला. पण ही पद्धत गाजली ती कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क हायस्कूलच्या दोन रसायनशास्त्र शिक्षकांमुळे, जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स यांच्यामुळे. शाळा आडबाजूला. खेळाच्या सामन्यांसाठी मुलांना लांब जावं लागे आणि त्यांचे तास बुडत. बुडालेला तास पुन्हा पुन्हा शिकवून कंटाळलेल्या या दोघांनी २००७ मध्ये आपले धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हतं त्यांना डीव्हीडी करून दिल्या. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की हजर असलेली मुलंही हे व्हिडिओ बघतायत. मग तोच धडा वर्गात पुन्हा कशाला शिकवायचा?

म्हणजे सुरुवात कुठल्याही थोर शैक्षणिक सिद्धांतातून झाली नव्हती, गैरहजेरीच्या अडचणीतून झाली होती. दिवसपाळी-रात्रपाळी करत जर्मन शिकणाऱ्या नर्सला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

महाराष्ट्रात याची चर्चा का व्हायला हवी?

पुण्या-मुंबईत परदेशी भाषा शिकणं नवीन नाही. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये अनेक पिढ्यांनी संध्याकाळच्या वर्गांत जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन गिरवलं आहे. पण आता शिकणाऱ्यांचं कारण बदलतंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार तरुण-तरुणींना पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा कामांसाठी. त्यासाठीची पहिली पायरी अर्थातच भाषा.

हौस म्हणून फ्रेंच शिकणाऱ्याचा एखादा धडा कच्चा राहिला तर फार काही बिघडत नाही. पण नर्सचं शिक्षण घेतलेल्या मुलीला जर्मनीत पूर्ण मान्यतेची नर्स म्हणून काम करायचं असेल, तर साधारणपणे बी२ पातळी लागते. तिच्यासाठी भाषा हा व्हिसा आणि पगार यांच्या मधला दरवाजा आहे. क्लासची फी, परीक्षेची फी, नोकरी सोडून अभ्यासाला दिलेले महिने आणि अनेकदा घरच्यांनी काढलेलं कर्ज, हे सगळं त्या १५ मिनिटांच्या संभाषणावर येऊन थांबतं.

संशोधन काय सांगतं?

परदेशी किंवा दुसरी भाषा शिकवताना उलटा वर्ग किती उपयोगी पडतो, यावर जगभरात बरेच प्रयोग झालेत. जोसेफ व्हिटा आणि अली अल-हूरी या संशोधकांनी २०२० मध्ये असे ५६ अहवाल एकत्र करून त्यांचं विश्लेषण केलं. त्यात मिळून ४,२२० विद्यार्थी होते. निष्कर्ष असा, की उलट्या वर्गातले विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्यांपेक्षा सरस ठरले. फरकाचं माप ०.९९ निघालं, आणि शिक्षणाच्या संशोधनात हे माप मोठंच मानलं जातं.

पण थांबा. ज्या प्रयोगांना यश येतं तेच जास्त छापून येतात, फसलेले कपाटात राहतात. या त्रुटीचा हिशेब धरल्यावर तोच आकडा ०.५८ वर आला. तरीही फायदा आहेच, फक्त जाहिरातीत सांगतात तेवढा नाही.

याच अभ्यासातल्या दोन बारीक गोष्टी आपल्यासाठी जास्त महत्त्वाच्या आहेत. एक, व्हिडिओ वापरला की नाही याने निकालात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे ज्या गोष्टीवर संस्था सर्वाधिक खर्च करतात, स्टुडिओ, कॅमेरा, अ‍ॅनिमेशन, ती यशाची गुरुकिल्ली नाही. दोन, विद्यार्थ्यांची भाषेची पातळी जितकी वरची, तितका फायदा जास्त.

ही दुसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. कारण महाराष्ट्रात सगळ्यात मोठी गर्दी ए१ आणि ए२ या सुरुवातीच्या पातळ्यांवर आहे.

नवशिक्यांचं घोडं कुठे अडतं?

याचं कारण समजायला अवघड नाही. बी२ पातळीचा विद्यार्थी व्हिडिओ बघताना आपल्याला काय कळलं नाही हे ओळखू शकतो. नवशिक्याला तेच कळत नसतं. जर्मनमध्ये ‘शोन’ म्हणजे ‘आधीच’. आणि ओठांचा चंबू करून, जीभ पुढे ठेवून त्यातला ‘ओ’ उच्चारला, की शब्द होतो ‘सुंदर’. तो स्वर मराठीत नाही, देवनागरीत धड लिहिताही येत नाही. घरी एकट्याने व्हिडिओ बघणारा विद्यार्थी दोन्ही शब्द ‘शोन’च म्हणतो आणि त्याला वाटतं आपलं बरोबर आलं. त्याला थांबवायला तिथे कुणी नसतं. असा उच्चार महिनाभर मुरला, की सुटणं कठीण.

म्हणून नवशिक्यांच्या बाबतीत काय उलटं करायचं आणि काय नाही, हे निवडावं लागतं. उच्चार, पहिले संवाद, अभिवादन हे वर्गातच, समोरासमोर झालेलं बरं. घरी पाठवायचं ते व्याकरणाचं स्पष्टीकरण आणि शब्दसंग्रह. कारण ते पुन्हा पुन्हा बघता येतं, मध्येच थांबवता येतं आणि ‘सर, परत सांगा ना’ म्हणायची लाजही वाटत नाही.

मराठी विद्यार्थ्याला मराठीतून समजावलं तर?

इथे एक संधी बहुतेक क्लास हातची घालवतात. तयार व्हिडिओ इंग्रजीत असतात आणि इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी केलेले असतात. त्यात नामाला लिंग असतं म्हणजे काय, विभक्ती म्हणजे काय हे मुळापासून सांगण्यात बराच वेळ जातो. मराठी मुलाला हे सगळं शाळेतच भेटलेलं असतं. तो, ती, ते आपल्याकडे आहेत आणि जर्मनमध्ये देअर, डी, डास. जर्मनमध्ये मूल नपुंसकलिंगी, मराठीतही ‘ते मूल’च. पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी. सूर्य मात्र जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे, तेव्हा यादी पाठ करण्यातून सुटका नाही. पण मुळात निर्जीव वस्तूला लिंग का असावं, हा प्रश्न मराठी माणसाला पडत नाही.

वाक्यरचना बघा. जर्मनमध्ये ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’. हा शब्द आला की त्या उपवाक्यातलं क्रियापद शेवटी जातं. ‘वाइल इख क्रांक बिन.’ शब्दाला शब्द ठेवला तर कारण, मी, आजारी, आहे. ‘कारण मी आजारी आहे.’ इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम विचित्र वाटतो आणि व्हिडिओही तो विचित्र म्हणूनच शिकवतात. मराठीत तर आपण रोज असंच बोलतो.

उलट, मराठी माणूस हमखास ठेचकाळतो अशीही एक जागा आहे. ‘त्याने मला पाहिलं’ आणि ‘त्याने मला पुस्तक दिलं’ या दोन्ही वाक्यांत आपण ‘मला’च म्हणतो. जर्मनमध्ये पहिल्या वाक्यात ‘मिख’ येतं आणि दुसऱ्यात ‘मीर’. हा घोळ सोडवणारा सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ एखाद्या शिक्षिकेने मोबाइलवर, मागे पांढरी भिंत घेऊन केला, तरी तो परदेशातल्या चकचकीत व्हिडिओपेक्षा उपयोगी पडेल.

प्रत्यक्ष वर्गात काय होतं?

‘वाइल’चाच धडा घेऊ. आदल्या दिवशी विद्यार्थ्यांना व्हिडिओ येतो. सोबत तीन प्रश्न, आणि एक काम : ‘आज मी थकलोय, कारण...’ असं वाक्य पूर्ण करून व्हॉट्सअ‍ॅपवर अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा. शिक्षिका रात्री त्या ऐकते. २५ पैकी ११ जणांनी क्रियापद मध्येच ठेवलं असेल, तर उद्या सुरुवात कुठून करायची हे तिला आधीच कळतं.

वर्गात पहिली दहा मिनिटं त्या ११ जणांच्या चुकीवर, नाव न घेता. मग खेळ सुरू. प्रत्येकाला एक चिठ्ठी : बस चुकली, पाहुणे आले, डोकं दुखत होतं. जोडीदार विचारतो, ‘तू काल का आला नाहीस?’ कारण सांगायचं. मग जोडीदार बदलायचा. दहा वेळा कारण सांगितल्यावर क्रियापद आपोआप शेवटी जाऊ लागतं. शिक्षिका फिरत राहते, ऐकते, टिपून घेते आणि शेवटी फळ्यावर पाच चुकलेली वाक्यं लिहून विचारते, ‘यात काय बिघडलंय?’

गोंगाट होतो. बाहेरून जाणाऱ्या संचालकांना वर्गावर ताबा नाही असं वाटू शकतं.

‘सर शिकवतच नाहीत’

ही तक्रार हमखास येते, विद्यार्थ्यांकडून आणि पालकांकडूनही. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास इथे आठवावा असा आहे. स्वतः डोकं लावून प्रश्न सोडवायला लावणाऱ्या वर्गात विद्यार्थी चाचणीनुसार जास्त शिकले. पण त्यांना स्वतःला मात्र, छान रंगलेल्या व्याख्यानात आपण जास्त शिकलो असं वाटत होतं. अडखळणं, चुकणं, पुन्हा प्रयत्न करणं यात शिकतोय असं वाटत नाही, अपुरं वाटतं. भाषेच्या वर्गात तर चूक सगळ्यांसमोर तोंडातून निघते. त्यामुळे पहिल्या दिवशीच विद्यार्थ्यांना हे का करतोय ते सांगितलं नाही, तर तिसऱ्या आठवड्यात अर्धा वर्ग ‘नेहमीसारखं शिकवा’ म्हणतो.

दुसरी अडचण त्याहून जुनी आहे : व्हिडिओ न बघता येणारे. शिक्षकांना दया येते, ते धडा पुन्हा समजावतात. त्याच क्षणी बघून आलेल्यांना कळतं, की बघायची गरज नव्हती. पुढच्या वेळी तेही बघत नाहीत आणि उलटा वर्ग दोन आठवड्यांत सुलटा होतो. यावर उपाय रागावणं नाही. न बघितलेल्यांनी इयरफोन लावून मागच्या बाकावर दहा मिनिटांत व्हिडिओ बघावा आणि मग खेळात यावं. बाकीचे थांबणार नाहीत, एवढंच.

अर्थात प्रत्येक जण आळशीपणानेच बघत नाही असंही नाही. दोन खोल्यांचं घर, एकच चांगला मोबाइल आणि तोही धाकट्या भावाच्या हातात, संध्याकाळच्या स्वयंपाकाची जबाबदारी, ही अडचण खरी आहे. म्हणून व्हिडिओ छोटा हवा, कमी डेटात उतरवून ठेवता यायला हवा आणि त्याचं एक छापील पानही हवं.

जपानीचं काय?

इथे एक वेगळाच पेच आहे. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत एन५ पासून एन१ पर्यंत पाच पातळ्या आहेत आणि पुण्यासह भारतातल्या अनेक शहरांत हजारो जण ती देतात. पण या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नाही. निबंधही लिहावा लागत नाही. सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. साहजिकच, निकालाच्या फलकावर ‘एन३ उत्तीर्ण’ मिरवायचं असेल तर वर्गात बोलण्यावर वेळ घालवायचं क्लासला काही कारण उरत नाही. एन३ झालेला विद्यार्थी मुलाखतीत समोरच्या जपानी व्यवस्थापकाशी दोन वाक्यं बोलताना अडखळतो, त्यात दोष त्याच्या एकट्याचा नसतो. परीक्षा जे मोजते तेच वर्गात होतं. शिक्षणपद्धत कितीही उलटी केली तरी हे तिला एकटीला बदलता येणार नाही.

व्हिडिओचा पैसा कुणाच्या खिशात?

उलट्या वर्गाचा सगळ्यात मोठा धोका आर्थिक आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

एकदा व्हिडिओ तयार झाला, की संस्थेला दोन रस्ते दिसतात. पहिला, मोकळा झालेला वेळ बोलण्याच्या सरावाला द्यायचा. दुसरा, तो वेळ कापून टाकायचा. आठवड्याला दहा तासांचे सहा तास करायचे, एका शिक्षकाला आणखी एक बॅच द्यायची आणि जाहिरातीत ‘आधुनिक फ्लिप्ड पद्धत’ लिहायचं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या रस्त्यावरच्या विद्यार्थ्याला मात्र पुन्हा तीच ९६ सेकंदं मिळतात, आणि व्हिडिओ बघायचं काम वर.

ग्योथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार ए१ पर्यंत पोहोचायला ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात आणि बी१ साठी एकूण ३५० ते ६५०. शिकणाऱ्याच्या पूर्वतयारीनुसार आकडा बदलतो. तेव्हा ‘दोन महिन्यांत बी१’ असा बोर्ड दिसला तर भागाकार करून बघावा. ३५० तासिका ६० दिवसांत म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज जवळपास सहा.

शिक्षकांची बाजूही बघायला हवी. परदेशी भाषांचे बरेच शिक्षक तासिका तत्त्वावर काम करतात. जितके तास उभे राहाल तितके पैसे. सहा मिनिटांचा चांगला व्हिडिओ करायला दोन-तीन तास सहज जातात. रात्री २५ व्हॉइस नोट्स ऐकायच्या, त्याचा वेळ वेगळा. हे तास कुठल्याच हजेरीपटात येत नाहीत. आणि तो व्हिडिओ कुणाचा? शिक्षिकेने पुढच्या वर्षी क्लास सोडला तर तिचा आवाज आणि तिचं शिकवणं संस्था वापरत राहणार का, आणि तिला त्याचे पैसे मिळणार का? नेमणूक पत्रात याबद्दल एक ओळ असणं दोघांच्याही सोयीचं आहे.

प्रवेश घेण्याआधी काय बघायचं?

डेमो लेक्चर बघून फार काही कळत नाही, कारण तिथे सगळ्यात छान बोलणारे सर सगळ्यात छान धडा समजावत असतात. त्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असलेल्या चालू बॅचमध्ये अर्धा तास मागे बसू द्या, असं सांगावं. मोबाइलवर घड्याळ लावावं आणि शिक्षक किती मिनिटं बोलतात, विद्यार्थी किती, एवढंच मोजावं. एका बॅचमध्ये किती जण आहेत आणि व्हिडिओ सुरू झाल्यापासून वर्गातले तास कमी केलेत का, हे फी भरण्याआधी विचारावं. ‘व्हिडिओत सगळं आहे’ असं उत्तर आलं, तर वर्गात मग काय करता, हा पुढचा प्रश्न.